वसईचे नाव आणि कातळावरचा जीव
खोट्या लिंपेटची नवी प्रजाती कशी ठरते, याचा आढावा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची यात्रा भरते; महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही लोक येतात. तिथून अरबी समुद्र लोहमार्गाने सुमारे हजार किलोमीटरवर आहे. समुद्रकाठच्या खडकाला चिकटून राहणाऱ्या एका गोगलगाईविषयीचा आढावा इतक्या दूरवरून सुरू करायला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने आहे. त्यांनी दोन गोष्टी आयुष्यभर जमवल्या. नागपूरच्या टाकळीसारख्या ठिकाणी दोन लाव्हाथरांच्या मध्ये दबलेले शंखशिंपले ते वेचत, आणि गोंडांची गाणी व कथा उतरवून घेत. १८६० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी या जीवाश्म शंखांवर निबंध लिहिला आणि त्यात कित्येक नव्या प्रजातींना नावे दिली. १८६३ मध्ये नदी ओलांडताना ते बुडून गेले. तीन वर्षांनी रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे गोंडांविषयीचे कागद संपादून छापले. त्यांत गोंडी परंपरेतल्या लिंगोचे दीर्घ गीत आहे, आणि त्या गीतात ‘काचिकोपा लोहागड’ हे स्थळ येते. हे स्थळ म्हणजेच आजचे कचारगड, असे मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंडी अभ्यासकांनी पुढे मांडले. आज यात्रेला येणाऱ्या हजारो लोकांची तीच श्रद्धा आहे.

एकाच माणसाच्या कागदांतून आलेली ही दोन कामे माझ्या मनात नेहमी शेजारी बसतात. हातात एक जुने नाव आहे, समोर डोंगर आहे. नाव त्याच डोंगराचे आहे हे कसे ठरवायचे? हातात एक शंख आहे, पुस्तकात एक नाव आहे; हा शंख त्याच नावाचा की त्याला अजून नावच नाही? नवी प्रजाती वर्णन करणे म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे. कोकणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न सगळ्यात अवघड होतो तो खोट्या लिंपेटच्या बाबतीत.

प्राणी कोणता

ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावर लहान टोपीसारखे शिंपले घट्ट बसलेले असतात. शेंड्यापासून कडेपर्यंत छत्रीच्या काड्यांसारख्या कंगोऱ्या. नखाने उचलायला गेलो तर हलत नाहीत. पाहणारा सगळ्यांनाच लिंपेट म्हणतो. त्यात दोन घराणी मिसळलेली असतात. एक खरे लिंपेट. आपल्याकडे सेलाना या वंशाचे. दुसरे सायफोनारिया, ज्यांना जगभर ‘खोटे लिंपेट’ म्हणतात.

शब्दाबद्दल एक खुलासा आधीच करतो. मराठी शास्त्रीय लेखनात ‘जाती’ म्हणायची पद्धत आहे, वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ म्हणतात. वाचकाच्या सवयीचा म्हणून इथे दुसरा शब्द घेतला आहे. त्यावरच्या पातळीला ‘वंश’ म्हटले आहे.

खोटेपणा शिंपला उलटा केल्यावर कळतो. खऱ्या लिंपेटच्या आतल्या बाजूला स्नायूची घोड्याच्या नालेसारखी खूण असते आणि नालेचे तोंड डोक्याकडे उघडते. सायफोनारियात ही खूण उजव्या बाजूला तुटलेली असते. तिथेच कवचाच्या आत एक पन्हळ असते, आणि बाहेरूनही त्या बाजूला कड थोडी फुगलेली दिसते. या पन्हळीतून हवा-पाणी आत-बाहेर जाते. आत हवा घेणारी पोकळी आहे आणि पाण्यासाठी कल्ल्यासारखी घडीही आहे. म्हणजे हा प्राणी ओहोटीत हवेवर आणि भरतीत पाण्यावर श्वास घेतो. नात्याने तो खऱ्या लिंपेटपेक्षा आपल्या बागेतल्या गोगलगाईला जवळचा. एकाच प्राण्यात नर-मादी दोन्ही असतात, आणि अंडी खडकावर जेलीसारख्या वळ्यांत घातलेली दिसतात.

टोपीचा आकार या प्राण्यांच्या इतिहासात अनेकदा वेगवेगळ्या वाटांनी आला आहे. लाटेचा मार खाणाऱ्या खडकावर तो सोयीचा. पण भारतातल्या गोड्या पाण्यात, दगडांवर आणि बुडालेल्या पानांवर फेरिसिया नावाच्या अगदी इवल्या गोगलगाई असतात, त्यांचाही आकार हाच. म्हणून तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियातल्या वाचकालाही हा आकार अगदीच परका नसावा. आकार नात्याचा पुरावा नाही, हा धडा या प्राण्याकडून पहिल्याच दिवशी मिळतो. पुढचा सगळा वाद त्याच धड्याभोवती फिरतो.

नावे कशी साचत गेली

सायफोनारिया हा वंश जी. बी. सॉवर्बी यांनी १८२३ मध्ये मांडला. १८५६ मध्ये लव्हेल रीव यांनी आपल्या मोठ्या सचित्र ग्रंथमालेत या वंशावर प्रकरण काढले आणि बऱ्याच नव्या प्रजातींना नावे दिली. त्यातली एक कराचीची, सायफोनारिया कुर्राचीएन्सिस. त्या काळी व्यापारी आणि खलाशी जगभरातून शंख आणत, संग्राहक ते विकत घेत, आणि लेखक टेबलावर बसून कवचावरून नाव देत. प्राणी आत असायचाच नाही. तो कधीच सडून गेलेला असे.

आपल्या किनाऱ्याचे नाव या यादीत १८९३ मध्ये आले. अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर शंख गोळा केले, आणि जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी मँचेस्टरच्या एका विद्वत्सभेच्या नियतकालिकात त्यांतल्या पंचवीस नव्या प्रजातींचे वर्णन केले. त्यात सायफोनारिया बसेइनेन्सिस आहे. बसीन म्हणजे आपली वसई. पोर्तुगीजांनी वसईचे जे केले, इंग्रजांनी त्याचे जे केले, ते लॅटिन प्रत्यय लावून कायमचे गोठले. गावाने आपले नाव परत घेतले तरी प्राण्याच्या नावात ते बदलत नाही, कारण प्राण्यांच्या नावांची संहिता मूळ अक्षरांना धरून चालते. कराचीचेही तसेच. खऱ्या लिंपेटमधली एक प्रजाती, सेलाना कराचीएन्सिस, १९३० मध्ये विंकवर्थ यांनी मांडली. तेच शहर, पण तोवर इंग्रजीतले त्याचे लेखन बदलले होते, म्हणून दोन नावांत दोन कराच्या.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नावांचा ढीग झाला होता. तो उपसायचे काम स्वीडनच्या बेंग्ट हुबेंडिक यांनी १९४६ मध्ये केले. त्यांनी कवचाच्या आतल्या प्राण्याकडे, विशेषतः जननेंद्रियांच्या रचनेकडे पाहिले आणि अनेक नावे समनामे, म्हणजे एकाच प्रजातीची वेगवेगळी नावे, म्हणून एकत्र केली. त्यांचा ग्रंथ पुढे कित्येक दशके आधार राहिला. भारतातल्या सूच्यांमध्ये मोजकीच नावे पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचे एक मूळ या एकत्रीकरणात आहे, असे मला वाटते.

आजच्या मुख्य भूमिका

कवचावर भर देणाऱ्यांचे म्हणणे जुनाट म्हणून बाजूला टाकता येत नाही. जगातल्या संग्रहालयांत जे जपले आहे ते बहुतेक कवचच. जुन्या नावांशी तुलना करायची तर त्याच भाषेत करावी लागते. किनाऱ्यावर फिरणारा अभ्यासकही आधी कवचच पाहतो: किती कंगोऱ्या, कोणत्या जाड, आतला रंग कोणता, शेंडा मध्ये की मागे. अडचण अशी की सायफोनारियाचे कवच परिस्थितीनुसार बदलते. लाटेच्या तोंडावर राहिलेला चपटा, आडोशाचा उंच. शेवाळ आणि सूक्ष्म जीव शेंडा खातात, ऊन तो झिजवते. म्हातारे कवच बऱ्याचदा कोणत्याही प्रजातीचे वाटू शकते. मेलव्हिल किंवा रीव यांच्या हातात जे कवच आले ते किती प्रातिनिधिक होते, हे ठरवणे म्हणून कठीण.

दुसरी भूमिका शरीररचनेची. ऑस्ट्रेलियात ब्रूस जेंकिन्स यांनी १९८० च्या दशकापासून हे काम नेटाने पुढे नेले. जननमार्गाची लांबी-जाडी, शुक्राणूंची थैली कशी, तिचे टोक कोणत्या आकाराचे, अंड्यांचे वळे चिकट की तरंगणारे, आणि रॅड्युला, म्हणजे जिभेवरच्या दातांची पट्टी, कशी आहे, हे सगळे जवळच्या प्रजातींना वेगळे करते, असा त्यांचा अनुभव. एकाच प्रजातीचे सदस्य एकमेकांत जुळतात की नाही याच्याशी या अवयवांचा सरळ संबंध आहे, म्हणून हा पुरावा जीवशास्त्राच्या दृष्टीने वजनदार. उणीव ही की त्यासाठी नीट जपलेला, प्रौढ, प्रजननकाळातला प्राणी हवा आणि विच्छेदनात मुरलेला हात हवा. असे हात सगळीकडे कमी होत चालले आहेत, आपल्याकडे तर फारच.

तिसरी भूमिका डीएनएची. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी सुचवले की मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या एका जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा प्राण्याची ओळखपट्टी म्हणून वापरता येईल. सायफोनारियासाठी ही कल्पना फार उपयोगी ठरली, कारण कवच फसवते आणि पट्टी सहसा फसवत नाही. बेनुवा दायरा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिंद-प्रशांत महासागरातल्या सायफोनारियांचे डीएनए तपासले आणि हुबेंडिक यांच्या यादीत मावणार नाहीत इतके वेगळे गट दाखवले. हे गट एकमेकांपासून स्पष्ट तुटलेले होते. पण गट दिसला म्हणजे त्याला नाव मिळाले, असे नाही. तो जुन्या कोणत्या नावाचा, हे डीएनए सांगत नाही. जुन्या कवचात डीएनए असलाच तर तुटका, आणि ते कवच फोडायला संग्रहालय सहज तयार होत नाही. शिवाय मायटोकॉन्ड्रियाचा वारसा फक्त आईकडून येतो. दोन प्रजातींमध्ये कधी काळी संकर झाला असेल तर तो पुरावा दिशाभूल करू शकतो. नमुने मोजक्या ठिकाणांहून घेतले असतील, तर मधल्या किनाऱ्यावरचे दुवे न पाहताच दोन टोकांना दोन प्रजाती म्हणण्याचा धोका राहतो.

चौथी भूमिका या तिन्ही एकत्र करण्याची. ‘एकात्मिक वर्गीकरण’ हा शब्द रूढ केला तो २००५ मध्ये याच दायरा यांनी. त्यांचे म्हणणे सरळ होते: कवच, शरीर, डीएनए, भूगोल, सगळे एकमेकांशी पडताळा, आणि जिथे ते एकच सांगतात तिथे प्रजाती माना. २०२४ मध्ये जेंकिन्स आणि फ्रँक क्योलर यांनी याच पद्धतीने हिंद-प्रशांत सायफोनारियाचा प्रचंड आढावा प्रसिद्ध केला. जुने नमुने, नवे नमुने, शरीररचना आणि मायटोकॉन्ड्रियाचा पुरावा एकाच जागी आणून त्यांनी नजरेसमोर असूनही लपलेली मोठी विविधता दाखवली आणि अनेक प्रजातींना नावे दिली. आज कोणी कोकणातून नवी सायफोनारिया मांडू म्हणेल तर त्याला आधी या ग्रंथासमोर उभे राहावे लागेल.

एकात्मिक पद्धतीवरही प्रश्न आहेत. पुरावे एकमेकांशी जुळले नाहीत तर कोणाचे ऐकायचे? सगळे पुरावे मिळेपर्यंत थांबायचे तर काम इतके मंद होते की किनारा त्याआधी भरावाखाली जाईल. उलट टोकाला मायकेल शार्की आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोस्टारिकातल्या ४०३ नव्या परजीवी गांधीलमाश्या एकाच निबंधात मांडल्या. बहुतेकींचे निदान म्हणजे डीएनएची पट्टी आणि एक छायाचित्र. त्यांची बाजू अशी की कीटक नाहीसे होत असताना वेग हेच कर्तव्य आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की अशी नावे पुढच्या अभ्यासकाला ना जुन्या नमुन्यांशी जुळवता येतात ना भिंग घेऊन ओळखता येतात. दोन्ही बाजूंच्या चिंतेला आधार आहे. माझे मत विचाराल तर जिथे जुन्या नावांचा साठा कमी आहे तिथे घाईचा तोटा कमी. सायफोनारियात दोनशे वर्षांची नावे साचली आहेत. तिथे घाईने गोंधळ वाढेल.

नवे की विसरलेले

घाईने गोंधळ कसा वाढतो, यासाठी अटलांटिकचे उदाहरण पुरेसे आहे. सायफोनारिया पेक्टिनाटा ही एकच प्रजाती महासागराच्या दोन्ही काठांवर आहे असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१६ मध्ये गोन्झालो गिरिबेत आणि गिसेले कावाउची यांनी डीएनए तपासून दाखवले की अमेरिकेच्या बाजूचे प्राणी वेगळे आहेत. त्यांना नवे नाव द्यावे लागले नाही. फ्लोरिडाच्या प्राण्यांसाठी १८७२ चे सायफोनारिया नॉफ्रागम हे नाव पडून होते, तेच परत जिवंत झाले.

प्रजातींच्या शोधाची बातमी होते, जुने नाव परत मिळाल्याची होत नाही. तरी कामाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच कष्टाचे. हिस्लॉप यांच्या जीवाश्म शंखांचेही असेच झाले. त्यांनी ते थर तृतीयक काळाचे मानले होते. आज ते दख्खनच्या लाव्हाकाळाचे, क्रिटेशियसच्या अखेरीपासून पॅलिओसीनच्या सुरुवातीपर्यंतचे धरले जातात. काळाचा अंदाज चुकला, पण त्यांनी दिलेली काही नावे टिकली, कारण वर्णन आणि चित्र इतके नेमके होते की नंतरच्या अभ्यासकांना ते तपासता आले. चांगल्या वर्णनाची कसोटी मी हीच मानतो. लिहिणाऱ्याचे मत चुकले तरी वाचणाऱ्याला शंख सापडला पाहिजे.

नमुना: कुठला, कुठे, आणि मारून की न मारता

प्राण्यांची नावे १७५८ पासून, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून मोजली जातात. १ जानेवारी २००० पासून लागू झालेल्या संहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार नव्या प्रजातीसाठी नामधारक नमुना, म्हणजे ज्यावर नाव उभे असते तो नमुना, स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाईल हे सांगावे लागते. २०१२ पासून संगणकीय प्रकाशनेही ग्राह्य झाली, नोंदणीच्या अटीवर. नियमांचा हा भाग वादाचा नाही. वाद नमुन्याच्या स्वरूपावर आहे.

याचे भारतातले सगळ्यात गाजलेले उदाहरण एका पक्ष्याचे आहे. पुण्यात खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलातल्या ईगलनेस्टमधून लिओसिक्ला बुगुनोरम मांडला. पक्षी मारला नाही. पकडून, मोजून, छायाचित्रे काढून, गळालेली पिसे ठेवून सोडून दिला, कारण दिसलेले पक्षीच इतके थोडे होते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली एक माशी केवळ छायाचित्रांवरून मांडली गेली आणि जगभर वाद पेटला. २०१७ मध्ये प्राण्यांच्या नामकरण आयोगाने लेखकांना सुचवले की जपलेला नमुना नसेल तर त्याची कारणे सविस्तर द्यावीत.

सायफोनारियात ही द्विधा फारशी बोचत नाही. कातळावर प्राणी भरपूर असतात आणि दोन-चार उचलल्याने वस्ती हलत नाही. छायाचित्र मात्र इथे विशेष अपुरे आहे. नागरिकांनी किनाऱ्यावर जाऊन फोटो काढण्याची चळवळ गेल्या काही वर्षांत मुंबईत जोमात आहे आणि तिच्यामुळे बऱ्याच जीवांची नोंद झाली. पण वरून काढलेल्या फोटोत उजवीकडची पन्हळ दिसत नाही, मग खरे-खोटे ठरवायचेच अवघड होते. एखाद्या मोकळ्या, रिकाम्या कवचाचा आतल्या बाजूचा फोटो अशा दहा फोटोंना भारी पडतो.

कायद्याची बाजूही आहे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या ३९ व्या कलमानुसार नवी प्रजाती सापडली तर ती नेमलेल्या भांडाराला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे भांडार आहे. पुण्यात त्याचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. उद्देश उघड आहे: ज्या नमुन्यांवर नावे उभी आहेत ते पुन्हा परदेशी कपाटात जाऊ नयेत. मेलव्हिल यांचा संग्रह पुढे दुसरे शंखसंग्राहक टॉमलिन यांच्या संग्रहाबरोबर कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. वसई-मुंबईच्या किनाऱ्यावरच्या नावांचा शोध घेणाऱ्याला आजही ब्रिटनमधल्या कपाटांपर्यंत जावे लागते. दुसऱ्या बाजूला अभ्यासकांची तक्रार अशी की देशाबाहेर नमुने पाठवण्याचे अडथळे इतके आहेत की जागतिक आढाव्यांत भारताचा किनारा रिकामा राहतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आधीच्या शतकातल्या अन्यायाची भरपाई करणाऱ्या कायद्याने आजच्या शास्त्राचा हात किती धरावा, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही.

नाव कोणाचे

गेल्या काही वर्षांत वर्णनाइतकीच चर्चा नावांवर झाली आहे. २०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडले की माणसांच्या नावांवरून प्रजातींना नावे देणेच बंद करावे. त्यांच्या मते वसाहतकाळातल्या अधिकाऱ्यांची आणि संग्राहकांची नावे जगाच्या दक्षिणेतल्या जीवांवर लादली गेली आहेत. प्राण्यांच्या नामकरण आयोगाने नैतिक कारणांसाठी जुनी नावे बदलायला नकार दिला. त्यांच्या मते स्थिरता गेली तर संवादच तुटेल. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत थोडी वेगळी वाट धरली आणि अपमानकारक ठरलेले ‘काफ्रा’ हे उपपद असलेली शंभराहून अधिक नावे ‘आफ्रा’ अशी बदलली.

अत्रेय यांनी पक्ष्याला बुगुन समाजाचे नाव दिले, कारण त्याची वस्ती त्या समाजाच्या जंगलात होती. मला हा मार्ग मोलाचा वाटतो, पण त्यातही प्रश्न उरतो. समाजाचे नाव लॅटिनमध्ये घालणे हा आदर आहे, त्या समाजाला जीव कसा माहीत होता याची नोंद मात्र त्यातून होत नाही.

इथे कचारगड परत येते. गोंडी परंपरेत पारी कुपार लिंगोने कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, व्यवस्था लावली, ७५० कुळे ठरवली, आणि प्रत्येक कुळाकडे एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड राखायला दिले, असे सांगतात. त्यांची बेरीज २,२५० होते. वर्गीकरणशास्त्राच्या भाषेत ही यादी नाही. तिचा हेतू ओळखण्याचा नव्हता, राखण्याचा होता. कोणते रक्षण कोणाकडे, हे त्यात ठरलेले आहे. शास्त्राच्या यादीत प्रत्येक प्रजातीला नमुना आहे, राखणदार नाही. दोन याद्या एकमेकींच्या जागा घेऊ शकत नाहीत, आणि घ्याव्यात असे कोणी म्हणतही नाही. पण नवी प्रजाती मांडणाऱ्या निबंधात स्थानिक लोकांनी तो जीव कसा ओळखला, काय म्हटले, खाल्ला की टाळला, याला एक परिच्छेदही मिळत नाही, हे मला खटकते. कोकणच्या किनाऱ्यावर कालवे, खुबे, तिसऱ्या यांची नावे घराघरात आहेत, कारण ती पोटात जातात. न खाल्ल्या जाणाऱ्या शिंपल्यांना किनाऱ्यावरचे लोक काय म्हणतात, हे विचारत फिरणे हेदेखील वर्णनाचेच काम मानायला हवे.

आपल्या किनाऱ्यावर काय बाकी आहे

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर लांब सांगितला जातो. त्यात बेसॉल्टचे कातळ आहेत, दक्षिणेकडे जांभा आहे, मधे खाड्या आणि चिखल. सायफोनारियासाठी हे तुटक घर आहे. खडक ते खडक मधली वाळू तिला ओलांडता येत नाही, ओलांडतात त्या तिच्या पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या. सगळ्या सायफोनारियांच्या अळ्या तरंगतात असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत सायफोनारिया सेराटा या प्रजातीची पिल्ले अंड्यातून थेट छोटी गोगलगाय होऊन बाहेर येतात, तर तिथल्याच सायफोनारिया कापेन्सिसच्या अळ्या समुद्रात वाहून जातात. अळी तरंगत असेल तर कराचीपासून मालवणपर्यंत एकच प्रजाती पसरलेली असणे शक्य आहे. थेट जन्म असेल तर दोन बंदरांच्या मधेही वेगळेपण वाढू शकते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर कोणती कशी अंडी घालते, कोणत्या महिन्यात, हे आधी पाहावे लागेल. प्रजातींचा प्रश्न सोडवायला लागणारा हा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे, आणि त्यासाठी उधाणाच्या ओहोटीला पायात बूट आणि हातात भिंग घेऊन जाणारा कोणीही विद्यार्थी पुरेसा आहे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) १९९८ मध्ये दीपक आपटे यांचे भारतीय शंखशिंपल्यांवरचे पुस्तक काढले आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या एन. व्ही. सुब्बा राव यांनी भारतीय समुद्री शंखांचे खंड केले. ही पुस्तके नसती तर किनाऱ्यावर शंख ओळखणारी पिढी तयार झाली नसती. पण ती कवचावर बेतलेली आहेत; त्यांच्या काळात दुसरे शक्यही नव्हते. पुढचा टप्पा त्याच जागांवर परत जाऊन जिवंत प्राणी घेण्याचा, कवच कोरडे ठेवून मांस अल्कोहोलमध्ये ठेवण्याचा आहे.

त्यातही पहिली जागा वसई. बसेइनेन्सिस हे नाव कोणत्या प्राण्याचे, याचा निकाल लागला नाही तर कोकणातली कोणतीही ‘नवी’ सायफोनारिया तिच्याशी भांडत राहील. कुर्राचीएन्सिसचेही तसेच, कराची आणि मुंबई यांच्या मधे सलग अरबी समुद्र आहे, सीमा नाही. आणि स्थळनावाचाही घोळ आहे. वसाहतकाळात बसीन नावाची दोन बंदरे होती. दुसरे ब्रह्मदेशात, आजचे पाथेइन. मेलव्हिल यांचा निबंध मुंबईच्या शंखांचा असल्याने त्यांची बसीन आपलीच, इतके नक्की. पण वसईचा कोणता खडक, किल्ल्याच्या बाजूचा की खाडीच्या तोंडाचा? एका शब्दाच्या पत्त्यावरून तो शोधायचा आहे. काचिकोपा लोहागड कुठे, हा प्रश्न विचारत अभ्यासक दरेकशाच्या डोंगरापर्यंत गेले, तेव्हा त्यांच्या हातातही याहून फारसे जास्त नव्हते: एक गाणे, काही नावे, आणि तिथे राहणाऱ्या लोकांच्या आठवणी.